बार्टोकच्या ७ सीड्या: घ्या, पण शेवटची आधी लावा

पहिलेच सांगून टाकतो. सेटला ५ पैकी ४. ज्यानं विकला त्याला २, त्याचं कारण शेवटी येईलच. आणि सात सीड्या ज्या क्रमानं ठेवल्या तो क्रम ज्या कोण्या साहेबानं ठरवला त्याला भोपळा, कारण मी त्याच्या नादी लागून एक नंबरपासून सुरू केलं आणि पंधरा दिवस डोकं धरून बसलो.

माझं गाव दारव्हा तालुक्यात. बसस्टँडजवळ कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, फवारणीची औषधं, आणि संध्याकाळी गुरुदेव मंडळाच्या भजनात पेटी वाजवतो. म्हणजे सूर कळते, ताल कळते, पण इंग्रजी म्युझिकचं ते पाच रेघांवर मुंग्या बसल्यासारखं लिहिलेलं बिलकुल कळत नाही. मुलगी अमरावतीला कीबोर्ड शिकते. सुट्टीत आली तेव्हा परीक्षेच्या पुस्तकातलं एक अर्ध्या पानाचं गाणं घासत बसली होती, मी उधारीची वही भरता भरता म्हटलं, भुलाबाईचं कोणतं गाणं लावलं गं हे, तर म्हणे बाबा हे भुलाबाईचं नाही, हे बेला बार्टोकचं आहे, हंगेरीचा संगीतकार. मी म्हटलं असन बाप्पा. पण ते डोक्यातून जाईच ना, दुकानात युरियाची गोणी मोजतानासुद्धा तेच.

मग बियाण्याच्या मीटिंगसाठी नागपूरला गेलो तेव्हा बर्डीवर एका जुन्या पुस्तकं-कॅसेटवाल्याकडं शिरलो. त्यानं काउंटरखालून एक खोका काढला, धूळ फुंकली, म्हणे "ले जाव ना भाऊ, ये कोई नै लेता." १८०० सांगितले, १५०० ला तुटलं. पण उघडून पाहतो तर आत सहाच सीड्या. सातवी गोडाऊनमध्ये आहे, शोधून पूर्ण सेट कुरिअरनं पाठवतो म्हणाला, मी पैसे देऊन मोकळा झालो. बारा दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन, तुमच्या गावाला सर्विस नाही, दारव्ह्याला येऊन घेऊन जा. त्याचे १२० वेगळे आणि गाडीचं पेट्रोल वेगळं. ते जाऊ द्या.

खोक्यावरचं नाव वाचून बायको म्हणे, बेला म्हणजे बाई आहे का? बाई नाही. शिवाय हंगेरीत आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं, म्हणजे त्यांच्याकडे तो बार्टोक बेला. जन्म २५ मार्च १८८१. बाप शेतकी शाळेचा हेडमास्तर होता, हे वाचून मला एकदम घरचा माणूस वाटला. पण पोरगा सात वर्षांचा असताना बाप गेला, आई मास्तरीण, तिनं पियानो शिकवून वाढवलं, या गावाहून त्या गावाला बदल्या करत करत. अकराव्या वर्षी पोरानं स्वतः बांधलेली चीज लोकांसमोर वाजवली, डॅन्यूब नदीच्या प्रवाहावरची. पुढं बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकला आणि १९०७ पासून तिथंच पियानोचा प्रोफेसर.

आता सीड्या. एक नंबरवर 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा'. आज मला हे जाम आवडते, त्यातला दुसरा भाग तर गाडीतसुद्धा लावतो, ढोलकं वाजून सुरू होते आणि मग वाद्यं जोडीजोडीनं येतात, दोन बॅसून, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बासऱ्या, मग दोन तोंड दाबलेले ट्रम्पेट, गावच्या लग्नात नवरा-नवरीच्या पाया पडायला जोडपी येतात तसे. पण तेव्हा नाही आवडलं. कारण ही रचना १९४३ ची, माणूस अमेरिकेत, ल्युकेमिया झालेला, पैशाची ओढाताण, दवाखान्यात पडलेला, तिथं बोस्टनच्या ऑर्केस्ट्राचा कुसेवित्स्की येऊन हजार डॉलरचं काम देऊन गेला तेव्हा त्यानं हे लिहिलं. १ डिसेंबर १९४४ ला बोस्टनमध्ये वाजलं आणि २६ सप्टेंबर १९४५ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. म्हणजे पाहुण्याला ओळखपाळख नाही आणि तुम्ही त्याला थेट तेरवीच्या पंगतीत बसवलं.

तीन, चार, पाच नंबरवर सहा स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, बस. तीस वर्षांत सहा, १९०९ ते १९३९. जाणकार लोक यालाच त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणतात आणि नवख्या माणसाला पळवून लावायला यापेक्षा चांगलं काही नाही. चौथ्या क्वार्टेटचा चौथा भाग रात्री अकराला लावला. गज कोणी हातातच घेत नाही, चौघंही बोटानं तारा छेडतात, बरं वाटत होतं, आणि मधेच फाट! फाट! ओल्या चऱ्हाटानं फळीवर मारावं तसा आवाज. मी म्हटलं गेली, सीडी कटलेली दिली लेकाच्यानं. काढली, फडक्यानं पुसली, परत लावली, परत तिथंच फाट. तेवढा तुकडा रेकॉर्ड करून दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली चार शब्द लिहिले जे इथं लिहित नाही.

सकाळी मुलीला फोन केला तर ती हसूनच राहिली. म्हणे बाबा तो आवाज त्यानं लिहिलेला आहे. तार इतक्या जोरात ओढायची की सुटल्यावर खालच्या लाकडावर आपटली पाहिजे, आणि या प्रकाराला जगभर बार्टोक पिझिकाटो म्हणतात, त्याच्या नावानं. आता काय करता. दुकानदाराला माफीचा मेसेज टाकला, की भाऊ सीडी बरोबर आहे, त्यानंच तसं लिहिलंय. त्यानं फक्त अंगठा पाठवला.

असं करत करत पंधराव्या दिवशी सात नंबर लावली. सात नंबर म्हणजे ती, जी गोडाऊनमध्ये हरवली होती. सुरुवातीला दोन व्हायोलिनच्या जोडचिजा आहेत, एकूण ४४ पैकी निवडक, मुलांना शिकण्यासाठी १९३१ मध्ये बांधलेल्या. गोड आहेत. पण शेवटी सात-आठ मिनिटं भलतंच काही. पहिले नुसती खरखर, कढईत लाह्या फुटतात तशी, आणि त्या खरखरीच्या आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. साथ नाही, वाद्य नाही, एकटी. वरून सुरू करते, घसरत खाली येते, शेवटचा सूर अर्धाच टाकून श्वास घेते. मी पेटी काढली आणि शोधलं, पाचच सूर लावत होती. पाच सुरांत आपल्याकडं किती बाया म्हणतात!

मग चष्मा लावून पुस्तिका वाचायला घेतली (अक्षर इतकं बारीक आहे की मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचलं, त्याचा अर्धा मार्क कापा). १९०४ च्या उन्हाळ्यात ट्रान्सिल्व्हेनियाकडची एक पोरगी, लिदी दोशा, पोरं सांभाळायच्या कामावर होती, ती सहज गात होती आणि बार्टोकनं शेजारच्या खोलीतून ऐकलं. तेवीस वर्षांचा, शिकलेला, नुकतं मोठं ऑर्केस्ट्राचं काम वाजलेला पोरगा, आणि त्याला समजलं की शहरात जे हंगेरीचं म्हणून वाजते ते हॉटेलातलं आहे, खरं वेगळंच आहे आणि ते खेड्यात आहे. पुढच्या वर्षी कोदाय भेटला, तोही संगीतकारच, आणि १९०६ पासून दोघं एडिसनचा फोनोग्राफ घेऊन गावोगाव निघाले. हे यंत्र कसं, तर गाणाऱ्यानं भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजानं पडदा हलते, पडद्याची सुई फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर चर पाडते. वखराचंच काम, फक्त मेणावर. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटं मावतात, आणि परत परत वाजवलं की चर झिजून आवाज मरते. म्हणून तो घरी येऊन एकेक हरकत, एकेक घसरण कागदावर उतरवायचा. हंगेरीचे, स्लोव्हाकांचे, रोमानियन लोकांचे, पुढं १९१३ मध्ये अल्जेरियात बिस्क्राला जाऊन अरबांचे, १९३६ मध्ये तुर्कस्तानात. हजारो गाणी.

पहिल्या महायुद्धानंतर हंगेरी कापली गेली आणि ज्या गावांत त्यानं गाणी गोळा केली ती गावं दुसऱ्या देशात गेली, त्याचं स्वतःचं जन्मगाव आज रोमानियात आहे. मग रोमानियन लोकांच्या गाण्याचं कौतुक करते म्हणून स्वतःच्याच देशात शिव्या खाल्ल्या. आमचा आजोबा घर न सोडता आधी मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात, पण त्याच्या गाण्याला कोणी सातबारा मागितला नाही एवढं नशीब.

१९०७ चं बार्टोकचं एक पत्र आहे त्याबद्दल वाचलं आणि मी एकटाच हसलो. खेड्यातल्या एका बाईकडून जुनं गाणं काढायला गेला तर ती आधी लाजते, मग देवाचीच गाणी सांगते, जुनं म्हणा म्हटलं तर नवंच काहीतरी म्हणते, आणि हा बसलाय घाम पुसत. हे मला का लागलं, तर तोच प्रयोग मी केला. आमची मोठी आई ऐंशीच्या वर आहे. लहानपणी तिच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून आम्ही झोपायचो. फोन घेऊन तिच्याजवळ बसलो, म्हटलं ते जात्यावरचं म्हण ना.

"मले कोठी येते बाबू? तुकडोजी महाराजाचं म्हनू काय?"

दोन भजनं झाली. मग आरती. मग चक्क एक सिनेमाचं. मी म्हटलं मोठी आई, ते नाही गं, माहेरचं होतं ना ते, भाऊ घ्यायला येते ते. तर म्हणे, "जात्याबिगर कशी म्हनू? हात रिकामा राह्यला तं आठोत नाई." जातं आमचं अंगणात पालथं पडलंय, त्यावर पाण्याचा माठ आहे. मग सूनबाईनं गव्हाच्या पिपाचं झाकण आणून समोर ठेवलं. मोठी आईनं त्यावर हात ठेवला, दोन-तीनदा नुसतंच फिरवलं, फरशीवर घर्रर्र आवाज, आणि तिसऱ्या फेरीला सुरू झाली. चार ओव्या. झाकणाच्या फेरीवर बरोबर श्वास पडत होता. पाचवीला कुकरची शिट्टी झाली, आणि ती थांबली ते थांबलीच. रेकॉर्डिंग २ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे एका नळकांड्याचं. वाजवून दाखवलं तर म्हणे, "कोन बुढी व्हय हे?"

त्याच्यानंतर मी सेट उलटा ऐकला, सातपासून एककडं, आणि काय फरक पडला सांगू. सहा नंबरवर पियानोच्या रचना आहेत, त्यात १९१५ चे रोमानियन नाच, सहा नाच मिळून जेमतेम सहा मिनिटं. हा म्हणजे शेतातून आणलेला कापूस, सरकीसकट, फक्त नीट गाठोडं बांधून दिलेला. सातवरच्या व्हायोलिनच्या जोडचिजांत जिनिंग झालेलं आहे. आणि क्वार्टेटपर्यंत जाता जाता सूत होते, बोंड कुठं दिसत नाही, कोणतंच गाणं आख्खं सापडत नाही, पण ती घसरत खाली येणारी चाल, अर्धा टाकलेला शेवटचा सूर, सगळं आत आहे. आधी बोंड पाहिलं असेल तर सूत ओळखू येते. म्हणूनच म्हणतो क्रम चुकला.

तालाचंही तसंच. पियानो शिकणाऱ्यांसाठी त्यानं 'मिक्रोकॉसमॉस' नावाच्या १५३ रचना केल्या, पाच बोटांच्या बाळबोध धड्यापासून पार मैफिलीपर्यंत, त्यातल्या निवडक या सहा नंबरवर आहेत. शेवटचे सहा, १४८ ते १५३, बल्गेरियन तालातले नाच. १४९ नंबर आमच्या खंजिरीवाल्याला ऐकवला, काही न सांगता. त्यानं मांडीवर बोटं धरली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि म्हणे, अरे हे तं रूपकच हाये, पण शेपटीकडून धरलं. बरोबर पकडलं त्यानं, रूपक तीन-दोन-दोन आणि हे दोन-दोन-तीन. मग १४८ लावलं, चार-दोन-तीन, नऊ. त्यावर तो अर्धा तास बसला आणि चहा थंड केला. युरोपातल्या मोठमोठ्या वादकांना हे ताल जड जातात म्हणतात, आमच्या माणसाला शाळा नाही पण नऊ मोजून हसत उठला. १४२ नंबरचं नाव 'माशीच्या डायरीतून' आहे, खरंच माशी कोळ्याच्या जाळ्यात सापडून सुटते, ते पोरांना ऐकवा.

आणि याच सहा नंबरवर या सेटमधली माझी सगळ्यात आवडती चीज आहे, 'आउट ऑफ डोअर्स' नावाच्या १९२६ च्या पाच तुकड्यांपैकी चौथा, रात्रीचं संगीत. जुलैचा पाऊस पडून गेलेला, घराच्या मागं पऱ्हाटीचं वावर, बांधावर पाणी साचलेलं, खिडकी उघडी. जुना डीव्हीडी प्लेयर आणि होम थिएटरचे दोन स्पीकर. सुरुवातीला चार-पाच सूर एकावर एक चिकटवून हळूच दाबलेले, मग टिक्, मग ट्रर्र, मग बेडूक. पियानोवर बेडूक! आणि बाहेर खरे बेडूक. थोड्या वेळानं मला कळेना की कोणता घरातला आणि कोणता वावरातला. तेवढ्यात लाईन गेली. प्लेयर बंद झाला आणि तरी एक मिनिटभर मला वाटलं सुरूच आहे. बायको टॉर्च घेऊन आली तर मी अंधारात मान हलवत बसलेलो. तिचं बार्टोकबद्दलचं मत तेव्हापासून चांगलं नाही.

सेटमध्ये काय नाही तेही सांगतो. त्याचा एकुलता एक ऑपेरा 'ब्लूबिअर्ड' नाही, १९२६ मध्ये कोलोनला ज्याच्यावरून गोंधळ होऊन बंदी आली तो 'मिरॅक्युलस मँडरिन' नावाचा मूकनाट्याचा खेळही नाही. पुस्तिकेत गाण्यांचे शब्द दिलेले नाहीत, म्हणजे ती म्हातारी काय म्हणत होती हे मला आजही माहीत नाही, ही मोठी कमी आहे. माणसाबद्दल मात्र पुस्तिका चांगली लिहिलीय. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत वाजवणं बंद केलं, १९३९ च्या डिसेंबरात आई वारली आणि १९४० मध्ये बायकोला घेऊन अमेरिकेला गेला. जाण्याआधी मृत्युपत्र केलं त्यात लिहिलं, की बुडापेस्टमधल्या चौकांना हिटलर-मुसोलिनीची नावं आहेत तोवर माझं नाव कोणत्याच चौकाला, रस्त्याला देऊ नका. (आमच्या तालुक्यात चौकाच्या नावावरून दोन वर्षं बोर्ड झाकून ठेवलाय.) अमेरिकेतही कोलंबिया युनिव्हर्सिटीत बसून काय केलं, तर दुसऱ्यानं रेकॉर्ड केलेली सर्ब-क्रोएट गाणी उतरवून काढली. १९८८ मध्ये त्याच्या अस्थी न्यूयॉर्कहून बुडापेस्टला नेल्या.

आता ते दोन स्टार. दोन नंबरच्या सीडीवर शेवटी त्याचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो आहे, जो तो बायकोसाठी लिहित होता, तिला वाजवता यावा म्हणून. मरताना १७ मापं, म्हणजे तालाची आवर्तनं म्हणा, राहिली, ती त्याच्या ओळखीच्या तिबोर शेर्लीनं पूर्ण केली. मधला भाग इतका शांत आहे की मी तो दुकान बंद करताना लावतो, शटर अर्धं ओढून. पण तिसऱ्या भागात, चांगला रंगात आला असताना, सीडी अडकते. टिक टिक टिक टिक, आणि मग बंद. हा मात्र खराखुरा ओरखडा आहे, उजेडात धरली की दिसते, बाहेरच्या कडेला नखाएवढा. सीडी आतून बाहेर वाजत जाते, त्यामुळे कडेला धरून धरून खराब झाली की मार शेवटच्या गाण्यालाच बसतो. त्या १७ मापांच्या बऱ्याच आधीच अडकते, म्हणजे शेर्लीनं काय केलं ते मला ऐकायलाच मिळालं नाही.

दुकानदाराला फोटो पाठवला, ओरखड्यावर लाल गोल करून, सोबत तुकडा रेकॉर्ड करून. म्हटलं भाऊ ही एक बदलून द्या नाहीतर २०० रुपये परत करा. दोन दिवसांनी उत्तर आलं.

"फिर से सुनो भाऊ, वो भी उसनेच लिखा होंगा."